टेबलाखालचे पाय

चिंचवडच्या विणकर खत्र्यांच्या आळीत अंबादासच्या आप्पांचा एकच हेका होता. "मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या पावड्या आळीपाळीनं दाबतो, तोच खरा खत्री! दुसऱ्याच्या हुकमाखाली राबायला आपण काय हमाल आहोत?"

बालपणापासून पावड्या दाबून अंबादासला वीट आला होता. पंचावन्न साली पिंपरीत कारखाना निघाला, तसा त्यानं मित्राचा इस्त्रीचा सदरा मागून घेतला आणि थेट मुलाखतीला जाऊन बसला. आता आपण म्हणजे नव्या जमान्याचा नवा माणूस, अशी त्याची पक्की खात्री होती.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"अंबादास चिंचवडकर." आडनाव त्यानं वाटेतच बदललं होतं.

"घरी काय करतात?"

"शेती, साहेब. माग तर मी जन्मात पाहिलेला नाही!" कुणी न विचारताच त्यानं सांगून टाकलं.

साहेबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. अंबादासचे दोन्ही पाय आळीपाळीनं फरशी दाबत होते.



"डावा जरा जास्तच दाबतोस," साहेब हळूच म्हणाले, "माझेही वडील मला ह्याच्यावरूनच बडवायचे."