सोळा सेंटिमीटरची पायरी

"कुठल्या गाढवाने हे तोंड इतकं वर काढून ठेवलंय?" टबाच्या मागे डोकं खुपसून एल्दियार प्लंबर ओरडला.

"तो गाढव तुझ्या पाठीमागेच बसलाय, बाळा," बुरुलचा म्हणाली. "या इमारतीतल्या ऐंशीच्या ऐंशी बाथरूमचे पाइप आमच्या म्हाताऱ्यानेच बसवलेत."

एल्दियारने डोकं बाहेर काढलं. दारातल्या स्टुलावर तिचा नवरा ओमुरझाक बसला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा, डावा काठीवर.

"माफ करा, बाबा," एल्दियारचे कान लाल झाले. "आमच्या धंद्यात आधीच्याला शिव्या घातल्याशिवाय हातच चालत नाही."

"रहमत," ओमुरझाक म्हणाला.

अर्धांगवायूने त्याच्या तोंडात हा एकच शब्द शिल्लक ठेवला होता, आणि तोही आभाराचा. चाळीस वर्षांच्या संसारात बुरुलचाने तो त्याच्याकडून चार वेळा ऐकला असेल-नसेल. आता तहान लागली तरी रहमत, पाठ खाजली तरी रहमत, संताप आला तरी रहमत.

एल्दियारने टेप लावून मोजलं आणि भिंतीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली. "हे बघा, एजे," मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो बुरुलचाला म्हणाला. "टब काढून तुम्हाला जमिनीलगत शॉवर हवाय, बाबांना पाय न उचलता आत जाता यावं म्हणून. पण सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड जमिनीपासून चार बोटं वर आहे. पाणी काही आपण होऊन वर चढणार नाही. मग शॉवरखालची जागाच उचलावी लागेल. उतार धरून सोळा सेंटिमीटर. एकच पायरी."

"एकच पायरी!" बुरुलचा म्हणाली. "अरे, ते दोन बोटांच्या उंबऱ्याला अडतात. मग टब काय वाईट होता?"

नोव्हेंबरपासून ती नवऱ्याला ओल्या फडक्याने पुसून घेत होती. पूर्वी दर रविवारी हमामात जाऊन लालबुंद होऊन घरी येणारा माणूस. त्याच्या अंगाला आता वास येत होता, आणि तो वास त्यालाही येतो हे तिला कळत होतं. तिला या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटे.

"खाली अजून एखादं तोंड असतं तर प्रश्नच नव्हता," एल्दियार म्हणाला. "पण मी नकाशा पाहून आलोय. नाहीये."

"रहमत!" ओमुरझाकने काठी आपटली.

खाली तोंड होतं. इमारत बांधताना, ठरलेली तारीख चार दिवसांवर आलेली असताना, कारखान्यातून एका तोंडाच्या जोडांऐवजी दोन तोंडांचे जोड आले होते. परत पाठवले असते तर काम रखडलं असतं आणि सगळ्यांवर शेकलं असतं. ओमुरझाकने तेच बसवले, खालच्या तोंडांना झाकणं ठोकली आणि वरून टाइल्स लावून घेतल्या. नकाशात दाखवायचा प्रश्नच नव्हता. हे ठाऊक असलेला आता तो एकटाच उरला होता.

त्याने डावा हात पुढे करून बोटं हलवली. पेन्सिल मागतोय हे एल्दियारला कळलं. त्याने वहीचं पान फाडून दिलं. ओमुरझाक दात आवळून चित्र काढत राहिला. रेघ जायची तिथे जात नव्हती, भलतीकडेच पळत होती. शेवटी त्याने कागद पुढे केला आणि डोळे एल्दियारच्या तोंडावर रोखले.

एल्दियारने कागद आडवा धरून पाहिला, मग उभा. "हो हो, बाबा. समजलं. एकदम समजलं."

ओमुरझाकने डोळे मिटून घेतले. साइटवर येणाऱ्या इंजिनिअरांना तो स्वतः याच सुरात हो हो म्हणत आला होता.

स्वयंपाकघरात बुरुलचाने चहा ओतता ओतता हळूच विचारलं, "काय काढलंय रे त्यांनी?"

"खरं सांगू, एजे? मला तर मेंढी वाटली."

तिला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. तेवढ्यात बाथरूममधून ठोकल्याचा आवाज आला. दोघं धावली.

ओमुरझाक स्टुलावरून खाली बसला होता, बसला म्हणजे कोसळलाच होता. एल्दियारच्या पिशवीतला हातोडा त्याच्या डाव्या हातात होता आणि तो जमिनीलगतच्या ओळीतल्या एकाच टाइलवर घाव घालत होता. "रहमत! रहमत! रहमत!"

"अहो, बास करा!" बुरुलचाने त्याचं मनगट धरलं. "तो बिचारा मदतीला आलाय आणि त्याच्यावर कसला राग काढताय?"

तो हातोडा सोडेना. तिने त्याची बोटं एकेक करून उकलली. दोघांनी मिळून त्याला उचललं आणि स्वयंपाकघरात खिडकीशी बसवलं. तिने चहाचं वाडगं त्याच्या ओठांना लावलं. त्याने तोंड उघडलं नाही. दूध घातलेला चहा हनुवटीवरून ओघळला, तो तिने पदराने टिपतात तसा ओढणीच्या टोकाने टिपला.

"दमलेत ते," ती एल्दियारला म्हणाली. "तू कर तुझ्या हिशोबाने. पायरी तर पायरी. मी उचलेन त्यांचा पाय."

एल्दियार हत्यारं गोळा करायला बाथरूममध्ये परतला. त्या टाइलला तडे गेले होते. त्याने बोटाने ठोकून पाहिलं. पोकळ वाजली. जुन्या इमारतीतल्या टाइल्स वाजतात तशी. नाहीतरी या भिंतीवर जुन्याच टाइल्सवर नव्या चिकटवायच्या होत्या. त्याने वही काढली आणि 'पायरी, सोळा सेंटिमीटर' याच्या खाली लिहिलं: 'खालच्या ओळीत एक टाइल फुटकी. सिमेंट भरून झाकणे.'