बोभाटा

सासूने गाजराच्या बियांचा काढा वैजंतापुढे ठेवला. "दोन लेकरं पुरे म्हणतेस ना? मग नाक दाबून पी अन् घरातल्या घरात मोकळी हो. दवाखान्यात गेलीस तर गावभर बोभाटा होईल."

वैजंताने वाटी मोरीत उपडी केली. "थोरल्या जाऊबाई असाच काढा पिऊन, रक्त जाऊन जाऊन गेल्या. बोभाटा तेवढा झाला नाही, आत्या."

जिची जीभ आजवर गावाला आवरली नाही, ती सासू मोरीतला काढा पाणी ओतून धुऊ लागली.

"कायद्यानं सही माझी एकटीची लागते," वैजंताने पदर खोचला. "सरकारी दवाखान्यात चाललेय. कुणी विचारलं तर सांगेन, पोट पाडायला."

ती उंबऱ्याबाहेर पडली, तोच मागून सासूच्या वहाणा वाजल्या.

"थांब गं, मीही येते. तू ताकद जपून ठेव. विचारणाऱ्यांचा समाचार मी घेते."