आमच्या हिची चांदणी

तिसऱ्या दिवशीही दुर्बिणीत शुक्र नुसता झगझगत होता, आकार कळेना. राजनंदिनीबाईंनी डोळा काढला आणि मोबाईलवर पुन्हा फिल्टर शोधायला घेतले. पिवळ्या काचेनं चमक थोडी मरते, करड्या काचेनं जास्त. चांगली काच परवडेना, आणि परवडणारी पासली गावात पोचायला पंधरा दिवस. तोवर शुक्र सूर्याजवळ सरकून दिसेनासा होणार होता.

धोंडाबाई काठीवर हनुवटी टेकून त्यांचं पुटपुटणं ऐकत होती. तिचं सगळं त्या काचेवर येऊन अडलं होतं. लहानपणी मेंढरं राखताना ती एकदा म्हणाली होती, सांजची चांदणी कधीकधी चंद्रासारखी कोर होते. अख्खी वस्ती हसली. लग्नानंतर सोनबाला सांगितलं, तर तोही हसला. वर चाळीस वर्षं येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर ‘आमच्या हिची चांदणी’ ऐकवत राहिला. आता तिचे डोळे अधू झाले होते. शाळेतल्या नव्या राजनंदिनीबाई मात्र म्हणाल्या, कोर असते, मी दाखवते. तेव्हापासून धोंडाबाईचा पाय घरात ठरत नव्हता. आणि आजही सोनबा दुर्बिणीतून बघून मिशीत हसला होता.

“बाई, तुमी अंधाराची वाट कशापायी बघता?” तिनं विचारलं. “म्या तर उजेडातच बगायची. मेंढरं माघारी वळवायच्या टायमाला.”

बाईंनी कपाळावर हात मारला. आभाळ उजळ असेल तर चमक डोळ्यांत खुपेलच कशी? ज्याच्यासाठी त्या मोबाईल घासत होत्या, तो फिल्टर रोज संध्याकाळी फुकट लागत होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआड गेल्यागेल्या दुर्बीण अंगणात आली. आभाळ अजून निळं होतं. चांदणी कुणालाच दिसेना.

“दिवेलागणीला ती त्या हिरड्याच्या झाडावर आसती,” धोंडाबाईनं काठी उचलली. “म्हंजी आत्ता त्याच्या वर. जरा डावीकडं.”

बाईंनी नळी तिकडे वळवली. डोळा लावून ती जराशी सरकवली. मग बाजूला होऊन त्यांनी सोनबाला पुढं केलं.

धोंडाबाईला दुर्बिणीत बघायची घाई नव्हती. तिनं ती कोर केव्हाच बघितली होती. ती सोनबाचं तोंड बघत होती, आणि त्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

डोळा न काढताच तो म्हणाला, “धोंडे, चाळीस सालाचं समदं पावणं माघारी बोलवावं लागत्याल.”