दोन मेटल डिटेक्टर
पत्नी गेल्यानंतर दिगंबरराव अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या तळ्याकाठी नाणी शोधायला जाऊ लागले. त्यांचा स्वस्तातला जुना डिटेक्टर बाटलीच्या पत्र्याच्या बुचावरही मोठ्याने ओरडायचा. आवाज ऐकून फिरायला आलेली माणसं थांबायची, “काय सापडलं?” विचारायची आणि बूच पाहून त्यांच्याबरोबर हसायची. कधीकधी दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं. वाढदिवसाला सिॲटलहून मुलीने, रीमाने, महागडा डिटेक्टर पाठवला. तो बुचं ओळखून गप्प राहायचा आणि सोनं लागलं तरी हेडफोनमध्येच वाजायचा. पहिल्याच आठवड्यात सोन्याची अंगठी मिळाली, पण कानांवरचे हेडफोन पाहून जवळ कुणीच थांबलं नाही. शेवटी त्यांनी तो परत पाठवला. “बाबा, इतका भारी डिटेक्टर रिटर्न का केला?” रीमाने फोनवर विचारलं. “जुना हाताला हलका पडतो गं,” ते म्हणाले आणि तिने फोन ठेवू नये म्हणून तिकडच्या हवेचं विचारू लागले.