दाढेखालची लवंग

दाढ दुखली की तिच्याखाली लवंग धरायची आणि कामाला लागायचं, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं. परवा त्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली. ओझरहून नाशिकला आणलं, तेव्हा डॉक्टरांनी तोंडही तपासलं. हिरड्यांतून पू येत होता.

"किती वर्षं आहे हे?"

"तिला कधीच त्रास नव्हता," सासरे म्हणाले. "असता तर बोलली नसती का?"

"हिरड्यांतले जंतू रक्तात जातात. रक्तवाहिन्या बिघडण्याशी त्यांचा संबंध असेल, असं आता म्हणतात. अजून पक्कं नाही. पण दात दाखवायला हवे होते."

बाळाला कडेवर सांभाळत मी सासूबाईंची उशी सारखी करायला वाकले, तशी त्यांनी माझी हनुवटी धरली.

"तोंड उघड."

मी ओठ घट्ट मिटले.

"तीस वर्षं लवंगच चघळलीय मी, ज्योत्स्ना. मला वास कळत नाही होय?"

मग सासऱ्यांकडे न बघता त्यांनी डॉक्टरांना थांबवलं.

"डॉक्टर, हिलाही बघा. हिलाही कधीच त्रास नसतो."