राहण्याजोगं शहर

बाबा बाकावर नव्हते.

ती धावतच जिना उतरली होती. घर दाखवणारा माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत मागून आला. "असतील हो इथेच, चहाला गेले असतील," तो म्हणाला. त्याला काय ठाऊक? बाबांना विसरण्याचा आजार लागला होता. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, तेव्हापासून ती त्यांना नजरेआड होऊ देत नव्हती. आज ते स्वतःच म्हणाले, जिने चढवत नाहीत, मी खाली बसतो. फोनही तिच्याकडेच दिला होता. आता फोन तिच्या पर्समध्ये आणि बाबा जगाच्या पाठीवर कुठेही.

हे शहर तसंही सकाळीच तिच्या मनातून उतरलं होतं. ती डोळ्यांच्या इस्पितळात चष्म्याचे नंबर काढायची. इस्पितळाने बदलीसाठी दोन शहरं पुढे ठेवली होती. हवं ते घ्या, पण उद्या कळवा. एक तळ्याकाठचं. राहायला सर्वांत चांगलं म्हणून दरवर्षी त्याचं नाव छापून यायचं. रुंद फुटपाथ, झाडं, स्वच्छ हवा, आवाज म्हणाल तर पाखरांचा. नवऱ्याने तिथल्या खिडक्यांना मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. गेल्या आठवड्यात ते दोघं तिथे घर बघत होते तेव्हा बाबा तळ्याकाठी फेऱ्या मारत होते. वरून दिसत होते, चांगले रमलेले. आणि दुसरं हे. ट्रकांची धूळ, गल्लीत गल्ली, आणि हळू बोलायचं नाही अशी जणू सगळ्यांनी शपथच घेतलेली. नाही म्हणायच्या आधी एकदा बघावं, एवढ्यासाठीच ती आली होती.

आणि आता याच शहराने बाबांना गिळलं होतं.

ती एका गल्लीत शिरली, भलतीकडेच निघाली, पुन्हा मागे फिरली. प्रत्येक पांढऱ्या डोक्यामागे धावली. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तिने काउंटरचा आधार घेतला. "माझे वडील... उंच आहेत, करडा स्वेटर..."

"लाँड्रीत आहेत," दुकानदार तिला पुरतं बोलूही न देता म्हणाला. "डावीकडे वळा. आणि जरा जपून जा, बाई तापल्या आहेत तुमच्यावर."

लाँड्रीत वाफेचा उबदार वास भरला होता. बाबा एका स्टुलावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होते. समोर चहाचा रिकामा कप. त्यांच्या पाठीमागे लाँड्रीवाली बाई त्यांनी घातलेली प्रत्येक वाकडी घडी गुपचूप मोडून पुन्हा घालत होती. तिने वर पाहिलं.

"तू मुलगी यांची? मग इतका वेळ होतीस कुठे?"

"मी सगळीकडे शोधत..."

"सगळीकडे! अगं, यांना घर आठवत नाही, पत्ता विचारला तर नुसते हसतात. असं माणूस एकटं सोडतात का? औषधवाल्याला सांगून ठेवलं, बस स्टॉपवर सांगितलं, शाळेच्या शिपायालाही सांगितलं. इथून उठून चालायला लागले तर? म्हणून कामाला लावलं. माझी स्वतःची कामं तशीच पडलीत, बघ."

तिला आयुष्यात कुणी इतकं फैलावर घेतलं नव्हतं. आणि शिव्या खाताना इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ डोळ्यांना धार लागली. लाँड्रीवालीचा आवाज एकदम खाली आला. तिने एक नुकताच इस्त्री केलेला रुमाल पुढे केला. "पूस. हा गिऱ्हाइकाचा आहे, पण असू दे. मी पुन्हा धुईन."

रस्त्यावर येताच तिने नवऱ्याला फोन लावला. दुसऱ्या हाताने बाबांचा दंड घट्ट धरलेला.

"ऐक. आपण इथे येतोय."

"इथे? अगं, सकाळी तर तूच नाक मुरडत होतीस. आणि तळं?"

"तळं बघायला सुट्टीत जाऊ," ती म्हणाली आणि रडता रडता हसू लागली. काय झालं ते तिने भराभर सांगितलं. पलीकडे नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "धूळ काय, पुसता येते."

फोन ठेवल्यावर ती बाबांकडे वळली. "पण बाबा, पुन्हा असं हरवायचं नाही हं. माझा प्राण कंठाशी आला होता."

बाबांनी जन्मभर शहरबस चालवली होती. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी सवयीने दोन्ही बाजूंना पाहिलं.

"हरवलो कुठे होतो? बाकापासून सरळ, दुसऱ्या वळणावर डावीकडे लाँड्री. परतीचा रस्ताही सांगू?"

ती जागच्या जागी उभी राहिली.

"तळ्याकाठीही विचारून पाहिलं होतं मी," बाबा म्हणाले. "घर आठवत नाही, असं चार जणांना सांगितलं. माणसं वाईट नाहीत गं तिथली. हसतात, थांबतात. एकाने तर अगदी प्रेमाने नकाशाच्या पाटीपुढे नेऊन उभं केलं, मग गेला आपल्या वाटेने. आज मला ती पाटी वाचता येते."

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"एक दिवस मी खराच हरवणार आहे, पोरी. तेव्हा कुठे हरवायचं, तेवढं म्हटलं कळतंय तोवर बघून ठेवावं."