सुतळीचा वळ

बाबा गेले आणि त्यांच्या मागोमाग त्यांनी कलम केलेलं लिंबाचं झाडही वाळलं. लेकीने तोडून पिंपात भरलं, धूर निघायला बारीकसं भोक ठेवून झाकण घट्ट ठोकलं आणि खालून जाळ लावला. "जाळून टाक एकदाचं!" आई फणकारली. "जाळत नाही गं, भाजतेय. हवा लागली नाही की राख होत नाही." पिंप निवल्यावर झाकण निघालं, तशी पाठ फिरवून बसलेल्या आईला राहवेना. फांद्या होत्या तशाच होत्या, काट्यांसकट, फक्त काळ्याभोर. टिचकी मारली तर काचेसारख्या किणकिणल्या. बुंध्याचा तुकडा हाती आला आणि आई बघतच राहिली. कलम बांधताना बाबांनी आवळलेल्या सुतळीचा वळ कोळशातही शाबूत होता. "बाकीचा कोळसा कुटून नव्या रोपाच्या मातीत कालवू, ओल धरेल. हा ठेव तुझ्यापाशी, आई." "मातीत किती टिकेल?" "शेकडो वर्षं." आईने वळावरून अंगठा फिरवून तुकडा नव्या रोपाच्या खड्ड्यात ठेवला. "माझ्यापाशी एवढा कुठला टिकतोय!"